या ठिकाणी बाई दाखवतात

"तो गायचा थांबला, म्हणून मी थांबवलं," आप्पा म्हणाले.

मी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलो होतो. खांद्यावरची कॉलेजची पिशवीही अजून उतरवली नव्हती. पडद्यावर 'मॅडिगन्स क्रो' या अमेरिकन बँडचा गायक वाळवंटात उभा राहून 'पेपर थंडर' या गाण्याचं दुसरं कडवं संपवत होता. कडवं संपलं, त्यानं मान मागे टाकली, डोळे मिटले, एक पांढरा पट्टा पडद्यावरून सरकत गेला आणि तोच गायक टक्क डोळे उघडून शेवटचं कडवं म्हणायला लागला. मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा मान, डोळे, पट्टा, शेवटचं कडवं. तिसऱ्यांदाही तेच.

"मध्ये काहीतरी होतं," मी म्हणालो.

"होतं ना. तो दुसरा आला, वाद्यवाला. पाऊण मिनिट नुसता कर्रकर्र करत होता. शब्द नाहीत, काही नाही. मला वाटलं मध्यंतर. हा परत गायला लागला की लगेच बटण सोडलं. एक शब्द गेलेला नाही, बघ हवं तर." आणि मग थोड्या समाधानानं, "पाऊण मिनिटाची टेप वाचली वर."

त्या गाण्यातलं मला हवं होतं ते एवढं पाऊण मिनिटच, गिटारचा सोलो.

आमच्या कॉलेजच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर दर रविवारी सकाळी कुणीतरी हेच गाणं पाठवतं. खाली 'ते दिवस परत येणार नाहीत' असं लिहिलेलं असतं, आणि त्याखाली पन्नाशीची, साखर आणि बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं अंगठे दाखवतात. चित्र आता इतकं स्वच्छ आहे की गायकाच्या दातातली फटही दिसते. हवा तितक्या वेळा सोलो बघा, हवा तिथं थांबवा. शिवाय एक टकला गृहस्थ तोच सोलो बोट बोट करून फुकट शिकवतो. त्र्याण्णव साली हा टकला मिरजेत असता तर मी त्याच्या घरी पाणी भरलं असतं. ते दिवस परत येणार नाहीत हे खरं आहे, आणि ग्रुपवरच्या कुणाला ते परत हवे असतील तर त्यांनी माझ्या आप्पांना गाणं टेप करायला सांगून बघावं.

आप्पा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. इंजिनिअर लोक धरणं आणि कालवे बांधत, त्याआधी आप्पा ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढत. संध्याकाळी घरी आले की रेडिओवरून गाणी टेप करत. भजनं, नाट्यगीतं, भावगीतं. निवेदिका तोंड उघडणार असं वाटलं की त्यांचं बोट बटणावर. त्यांच्याकडच्या एकशेबारा कॅसेटींमध्ये एकाही निवेदिकेचा श्वाससुद्धा नव्हता. प्रत्येक कॅसेटीची नोंद वहीत, क्रमांकासह, शिल्लक मिनिटांसह. टेप वाया घालवणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ उघडा टाकून गावाला जाण्यासारखं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी त्यांना सांगितलं होतं, "आप्पा, साडेतीन ते पाच. लांब केसांचा माणूस वाळवंटात आला की लाल बटण दाबा."

"सगळेच लांब केसांचे आहेत," ते म्हणाले होते.

"वाळवंटातला फक्त एक आहे."

तेवढंच सांगितलं. थांबवू नका, हे सांगायचं राहिलं.

मला स्वतःला बसता आलं नाही, कारण शनिवारी तीन ते पाच फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं आणि ते चुकलं तर टर्म मिळणार नव्हती. व्हीसीआरला टायमर होता, पण टायमर लावायला आधी घड्याळ लावावं लागे. ते कसं लावायचं हे सांगणारं पुस्तक जपानी भाषेत होतं. त्यामुळे आमच्या व्हीसीआरमध्ये कायम बारा वाजलेले असत. चौथा शनिवार असल्यानं आप्पा घरी होते. माझ्या चुलतभावाच्या मुंजीच्या कॅसेटीत शेवटी पंचवीस मिनिटं शिल्लक होती, वहीत तशी नोंदच होती. एवढ्या योगायोगांवर मी माझं भवितव्य सोपवलं.

भवितव्य हा शब्द मला तेव्हा मोठा वाटत नव्हता. जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. आमचा बँड होता, त्याचा गायक नंदन बिरनाळे. ड्रम त्याच्या वडिलांनी घेतलेले, सराव त्यांच्याच हळदीच्या गोदामात, त्यामुळे निर्णय नंदनचे. गिटारवाले दोघं, मी आणि कौशिक मगदूम. एक पुढं उभा राहून सोलो वाजवणार, दुसरा मागं ड्रमच्या सावलीत झ्यांगझ्यांग करणार. नंदननं सरळ सांगितलं होतं, "पुढच्या शनिवारी सकाळी दोघं या. ज्याचा सोलो बसला तो पुढं. माझ्याकडं बघून उपयोग नाही मर्दा, मला दोघंबी सारखेच."

दोघं सारखे नव्हतो. कौशिकची गिटार त्याच्या मामानं सिंगापूरहून आणलेली, लालभडक. माझी सेकंडहँड, आणि तिच्या तारा खरखरत होत्या म्हणून मी ती आमच्या गल्लीतल्या हमीदचाचांकडे नेली होती. चाचा तंबोरे करायचे. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि अत्यंत मायेनं तिची जवारी काढून दिली. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीला घासून तारेत आणलेला गुंजारव. त्यानंतर माझी गिटार एकदा छेडली की सव्वा मिनिट घुमत राहायची. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "असला सूर लागलाय बघ," म्हणाले, "बंदच होत नाही."

सोलो कशासाठी बघायचाय हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली होती.

"कॅसेट हाय का तुझ्याकडं गाण्याची?"

"आहे."

"मग ऐक की. गाणं काय बघायचं असतंय होय रे?"

मी हसलो होतो. त्यांना कसं सांगणार? ज्या गावात पिढ्यानपिढ्या लोक गुरूसमोर बसून कानानं गाणं उचलत आले, त्या गावात मला बोटं बघायची होती. माझी खात्री होती की त्या वादकाकडे काहीतरी युक्ती आहे आणि ती फक्त दिसते, ऐकू येत नाही. व्हिडिओच्या दिग्दर्शकाला बहुधा हे ठाऊक होतं, कारण बोटं जरा कुठं दिसायला लागली की तो कॅमेरा एका बाईवर न्यायचा. बाईचा गाण्याशी संबंध नव्हता. ती वाऱ्यात उभी होती. तिथून घोडा, मग मोटारसायकल, मग पुन्हा बाई. हे सगळं वगळून उरलेली बोटं थांबवून बघायची, असा माझा बेत होता.

तर त्या शनिवारी मी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलो होतो आणि आप्पा वहीत नोंद करत होते. 'इंग्रजी गीत, १, पुरुष आवाज, ३ मि. १० से.'

"आप्पा, ते मध्यंतर नव्हतं. तेच गाणं होतं."

"शब्दाशिवाय?"

"तुमच्या नाट्यगीतात पेटीवाला वाजवतो तेव्हा तुम्ही बंद करता का?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला. "पेटीवाला गाण्यातलं वाजवतो," ते म्हणाले.

मग मी जे बोललो ते कुणी टेप केलं नाही हे बरं झालं. आठवतं मात्र शब्दन्‌शब्द. मी म्हणालो, तुम्हाला आयुष्यात दुसऱ्याच्या नकाशावर रेघा ओढण्यापलीकडे काय कळलंय? एक बटण दाबायचं होतं. एक. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मी जिथं होतो तिथंच तिनं मला नजरेनं धरून ठेवलं. आप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"परत कधी लागतं ते?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही."

"बरं," म्हणाले, आणि तुळशीला पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

रविवारी मी सलीमभाईंकडे गेलो. सलीम मुजावर म्हणजे आमच्या वसाहतीचे केबलवाले. गच्चीवर मोठी डिश, खाली एका खोलीत टीव्ही, मशिनं आणि वायरींचं जंगल, आणि त्या जंगलात लुंगीवर बसलेले सलीमभाई.

"गाणं दिवसातनं दोन-तीनदा लागतंय," ते म्हणाले. "पण कधी लागंल सांगता येत नाही. सकाळी लागंल, दुपारी लागंल."

"मग आमच्या टीव्हीवर का दिसत नाही?"

"माझी मशिनं आठ, चॅनल अकरा. ते गाण्याचं चॅनल मी फक्त शनिवारी दोन तास सोडतो, तुमच्यासारख्यांसाठी. बाकी त्या नंबरावर पिक्चर असतोय."

"या आठवड्यात एक दिवस सोडा ना सलीमभाई. माझं फार अडलंय."

"तुझं एक घर. तिकडं दीडशे बायका. मागच्या म्हैन्यात पिक्चरचा शेवट कट झाला तर चार जणी हितं दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवट सांगितल्याबिगर गेल्या नाहीत." त्यांनी कोपऱ्यातल्या लहान टीव्हीकडे बोट केलं. त्यावर मुका, रंगीबेरंगी गोंधळ चालू होता. "ह्यावर माझ्यापुरतं दिसतंय ते. बस की हितं. दिवसभर बसलास तर घावंल."

"टेप करता येईल?"

"व्हीसीआर दोन, दोन्ही पिक्चरला जुंपलेत."

एकदा बघून काय होणार होतं? पाऊण मिनिट, त्यातलं अर्धं बाई आणि घोडा. शिवाय सोमवारपासून कॉलेज. मी सायकल काढली. संध्याकाळी नंदनला सांगून टाकावं असं मनात होतं, की कौशिकलाच घे पुढं. पण तेही सांगितलं नाही. आठवडाभर मी घरात कुणाशी न बोलण्याचं काम मन लावून केलं. आप्पा रोज साडेनऊला डबा घेऊन निघत आणि सहाला परत येत, नेहमीसारखे. फक्त बुधवारी सकाळी आई म्हणाली, "हे ऑफिसची पिशवी न घेता कुठं जातायत रे? नुसता डबा आणि पट्टी."

बुधवारी दुपारी वाटेत सलीमभाई भेटले.

"काय माणूस आहे रे तुझा बाप," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, मला कळेना. "तीन दिवस झालं. दहाला येतंय, पाचला उठतंय. त्या बारक्या टीव्हीसमोर स्टूल टाकून बसतंय. मी म्हणलं काका, चहा घ्या, तर म्हणतात, नजर हलते."

"काय करतात?"

"काय करतात, मलाच इचारतोस? पट्टीनं टीव्ही मोजतात."

माझ्या माहितीत आप्पांनी नोकरीत रजा फक्त मयतीला घेतली होती. त्या वर्षीच्या शिल्लक तीन किरकोळ रजा त्यांनी वाऱ्यातल्या बाईसमोर बसून संपवल्या. नंतर ते मला म्हणाले की त्यांना एकूण दोनशे दहा गाणी बघावी लागली, पैकी माझं गाणं आठ वेळा लागलं, आणि एका तरुण निवेदिकेचं बोलणं चांगलं होतं पण ती फार हात हलवायची.

शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. हातात गुंडाळी होती. ती त्यांनी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर माझी चार पुस्तकं ठेवली.

चौदा पत्रकं होती. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत. प्रत्येकावर गिटारची दांडी आडवी, खऱ्या मापाची, सहा तारा, पडद्यांना क्रमांक, आणि त्यावर एक हात. बोटांच्या पेरांसकट, नखांसकट, एका बोटात अंगठी. दिसणारं सगळं अखंड रेषेत, न दिसणारं तुटक रेषेत, जसं ते जमिनीखालच्या पाइपलाइनीचं दाखवत. शेजारी वेळ, 'मध्यंतर सुरू झाल्यापासून ४ सेकंद', '७ सेकंद'. पत्रक क्रमांक पाचवर दांडी होती, तारा होत्या, हात नव्हता. तिथं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'या ठिकाणी बाई दाखवतात.' सहावर, 'बाई चालू.' अकरावर, 'घोडा.' उजव्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येक पत्रकावर त्यांची ती कायमची चौकट: 'प्रमाण १:१. आरेखन: द. रा. कुंभोजकर. तपासले:' आणि पुढं रिकामी जागा.

बोलण्यासारखं होतं ते गेल्या शनिवारीच बोलून झालं होतं. मी गिटार घेतली आणि पहिल्या पत्रकाप्रमाणे बोटं ठेवली. तार छेडली. दुसरं पत्रक. तिसरं. जवारीमुळे पहिला सूर तिसऱ्यापर्यंत घुमत होता, तरी एवढं कळत होतं की हे त्या गाण्यातलं नाही. कुठल्याच गाण्यातलं नव्हतं.

"जुळत नाही," मी म्हणालो.

"नाहीच जुळणार," आप्पा म्हणाले. "शेवटचं पत्रक बघ."

चौदाव्या पत्रकाखाली टीप होती. 'निरीक्षण: वाद्य विजेवर चालणारे आहे असे समजते. चित्रात वाद्याला वायर जोडलेली नाही. वाळवंटात विजेची सोय दिसत नाही. हाताची हालचाल व आवाज यांचा मेळ आठपैकी एकाही वेळी बसला नाही. वादक वाजवत नसून वाजवल्यासारखे करत आहे. सबब हे आरेखन वादनासाठी निरुपयोगी आहे.'

मी त्यांच्याकडे बघितलं. तोच व्हिडिओ मी वर्षभर दर शनिवारी बघत होतो. पन्नासदा तरी बघितला असेल. डोंगराच्या कड्यावर, समुद्रात कमरेइतक्या पाण्यात, हलत्या ट्रकवर, सगळ्या व्हिडिओंत सगळे गिटारवाले वायरीशिवाय वाजवत होते आणि मला एकदाही प्रश्न पडला नव्हता.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी. दुपारी अडीचला."

"मग पुढचे दोन दिवस?"

"काम घेतलं होतं," ते म्हणाले. "अर्धवट कसं टाकणार?"

मला आता त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. नापास होणाऱ्या मुलाला कुणी सुंदर अक्षरात 'तू नापास होणार' असं लिहून द्यावं, तसं काहीतरी वाटत होतं.

शनिवारी सकाळी मी गुंडाळी घेऊन गोदामात गेलो. कौशिक आधीच आला होता. पुण्याच्या मावसभावाकडे त्यानं तोच व्हिडिओ टेप केलेला बघितला होता, थांबवून थांबवून. त्यानं लालभडक गिटार गळ्यात घातली, पाय फाकवले, मान मागे टाकली आणि वाजवलं. बोटं तंतोतंत. मी खात्रीनं सांगू शकतो, कारण माझ्या काखेत ती चौदा पत्रकांवर होती. चौथ्या सेकंदाला सातवा पडदा, सातव्या सेकंदाला बारावा, सगळं बरोबर. बाई दाखवतात तिथं त्यानं आपल्या मनानं काहीतरी घातलं. आवाज मात्र एखादं कपाट जिन्यावरून खाली आणल्यासारखा येत होता.

"दिसतंय तर जबरी," नंदन म्हणाला.

"सूर चुकलेत," मी म्हणालो.

"व्हिडिओत हेच वाजवलंय," कौशिक म्हणाला. "मी फ्रेम फ्रेम बघितलीय."

"व्हिडिओत तो वाजवत नाही. त्याच्या गिटारला वायरच नाही."

"कोण म्हणालं?" नंदननं विचारलं.

मी गुंडाळी पुढं केली. मला खरंच वाटलं होतं की ते वाचतील आणि त्यांना पटेल. नंदननं हळदीच्या पोत्यावर ती पसरली. आधी शिट्टी घातली, मग कोपऱ्यातली चौकट वाचली, मग पाचवं पत्रक उचललं आणि शाळेतल्या बातम्यांच्या आवाजात मोठ्यानं वाचलं, "या ठिकाणी बाई दाखवतात."

कौशिक पोत्यावर आडवा झाला.

"बाई चालू," नंदननं पुढचं वाचलं. "मर्दा, तुझे वडील बाई बघाय बसले होते का गिटार? आणि हे बघ, वाळवंटात विजेची सोय दिसत नाही. लेका, अर्ज द्यायला सांग वीज मंडळाला."

विनोदी होतं, यात वाद नाही. आठवड्यापूर्वी मीच सगळ्यात जास्त हसलो असतो, आणि मीच वाचून दाखवलं असतं. पण नंदनच्या बोटांना हळद होती आणि ती पाचव्या पत्रकाच्या कडेला लागली होती, आणि माझं लक्ष सारखं तिकडं जात होतं.

"दे इकडं," मी म्हणालो.

"अरे थांब, घोडा राहिला."

"नंदन, दे."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दिली. मी ती एकाखाली एक, क्रमानं लावली. वेळ लागला.

"चिडतोस काय," नंदन म्हणाला. "चेष्टा केली. ये, तू वाजवून दाखव. तुझं तर ऐकू."

"माझं बसलेलं नाही."

"मग मागं वाजव. ऱ्हिदमला तू, सोलोला कौशिक. झालं?"

तेच होणार होतं. आठवडाभर मी त्याचीच भीती धरून होतो, आणि आता ते समोर आलं तर त्यात भिण्यासारखं काही दिसेना. त्या खोट्या बोटांच्या मागं उभं राहून मला झ्यांगझ्यांग करायचं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "दुसरा कुणीतरी बघ."

"एवढ्यावरनं?"

"हो."

स्पर्धेत काय झालं ते मी प्रेक्षकांत बसून बघितलं. सोलो सुरू झाला आणि कौशिक पाय फाकवून पुढं आला तेव्हा त्याच्या गिटारची वायर निघाली. त्यानं हात थांबवले नाहीत. मान मागे, डोळे मिटलेले, पाऊण मिनिट तो एकही आवाज न काढता वाजवत राहिला. त्याला उत्कृष्ट वादकाचं उत्तेजनार्थ मिळालं. आज ग्रुपवर दर रविवारी गाणं पाठवतो तो कौशिकच.

पण ते नंतर. त्या शनिवारी मी भटकत भटकत संध्याकाळी घरी आलो. आप्पा ऑफिसातून येऊन पुढच्या खोलीत वही घेऊन बसले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं."

"त्याचं?"

"त्याचं झालं. तुम्ही काढलेलंच वाजवलं त्यानं. अगदी तसंच."

आप्पांनी मान हलवली. कालव्याचा नकाशा चुकीचा आहे हे कळवूनही वरून बांधायचा आदेश आलाय, अशी.

मी पत्रकं टेबलावर पसरली. पाचव्याच्या कडेचा पिवळा डाग त्यांनी बघितला, कसला म्हणून विचारलं नाही. मला गेल्या शनिवारबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. गोदामापासून घरापर्यंत सायकलवर मी वाक्य जुळवत आलो होतो आणि ते दारातच विसरलो होतो. समोर ती चौकट होती.

"ही तपासलेची जागा रिकामी आहे," मी म्हणालो.

"असणारच. काढणाऱ्यानं स्वतःचं तपासायचं नसतं. काम तुझं होतं, तपासणार तू."

मी त्यांच्या खिशाचं पेन घेतलं आणि पहिल्या पत्रकावर टेकवलं.

"न बघता?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही काढलंय म्हणजे बरोबरच असणार."

त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "अशानंच कालवे फुटतात," ते म्हणाले.

मग त्यांनी मुंजीची कॅसेट लावली. माझा चुलतभाऊ भिक्षावळीतून भराभर पुढं पळाला, वाळवंट आलं. त्यात सोलो नव्हता, पण सुरुवातीला वादक दोनदा दिसतो, तेवढ्यावरून हाताची लांबी आणि अंगठी पडताळून घेता येईल, असं आप्पांचं म्हणणं. मी एकेक पत्रक टीव्हीशेजारी धरत होतो, ते कॅसेट थांबवत होते. आई मध्ये येऊन चहा ठेवून गेली. निरुपयोगी म्हणून त्यांनीच लेखी दिलेलं ते आरेखन आम्ही दोन तास तपासलं. तेरा पत्रकं निर्दोष निघाली.

"नवव्यात सहा बोटं आहेत," मी म्हणालो.

"शक्य नाही."

"मोजा."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि कागद डोळ्यांजवळ धरून मोजली. मग पुन्हा मोजली. मग दाढीच्या पेटीतून अर्धं ब्लेड आणलं, ते सहावं बोट ट्रेसिंगवरून अलगद खरवडून काढलं, भुकटी फुंकली, कागद उजेडाकडे धरून बघितला, आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.